मराठीत घेतलेला एक तास

इमारतींचे ऊर्जा नियम शिकायला मी नांदेडहून लातूरला गेले होते. आत पंख्याला, एसीला वीज कमी लागावी म्हणून भिंत, छत, काच कशी असावी, ते सांगणारे हे नियम. इतकी वर्षं घरांचे नकाशे काढत होते, पण हे मला कुणी नीट शिकवलं नव्हतं.

सभागृहात थोडे इंजिनिअर आणि बरेचसे छोटे ठेकेदार होते. शिकवायला बाहेरून आलेले सर पडद्यावरचे तक्ते इंग्रजीतून वाचत गेले. माझ्या शेजारी उदगीरचे एक वयस्कर ठेकेदार बसले होते. त्यांनी वहीत तारीख लिहिली, पुढे काहीच नाही. जेवणानंतर त्यांनी हात वर केला.

"सर, सकाळपासून यू-व्हॅल्यू, यू-व्हॅल्यू म्हणून राहिले तुम्ही. आम्हाला साइटवर ती कळावी कशी?"

"ते तुमच्या लेव्हलचं नाही. तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे बांधा."

पुढच्या रांगेतले हसले. ठेकेदारांनी वही मिटली. माझं डोकं सणकलं. मी उभी राहिले.

"सर, ड्रॉइंग मी काढते, भिंत हे बांधतात. यांना कळलं नाही तर माझं ड्रॉइंग कागदावरच राहतं."

"मॅडम, हा टेक्निकल विषय आहे. मराठीत शिकवता येत नाही."

"येतो. उद्या सकाळी मला अर्धा तास द्या."

वाद नको म्हणून आयोजकांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचे दोन तुकडे आणि थर्माकोल घेऊन सगळ्यांना गच्चीवर नेलं. एका पत्र्याखाली थर्माकोल लावला आणि दोन्ही उन्हात धरले. थोड्या वेळानं ज्याला त्याला खालून हात लावायला सांगितलं. मी शाळेत असताना किनवटच्या आमच्या वसतिगृहाला छत म्हणून पत्रेच होते. उन्हाळ्यात दुपारी आम्ही मुली कॉटखाली शिरून झोपायचो. तेही सांगितलं.

"पोतं जितकं फाटकं तितकं धान्य गळतं. तसंच भिंतीतून, छतातून ऊन किती गळतं त्याचा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आकडा लहान, तर गळती कमी."

"म्हणजे दोन भिंतींत पोकळी ठेवली तर आकडा लहान होतो?" उदगीरच्या ठेकेदारांनी विचारलं.

"हाव!"

मग प्रश्नच प्रश्न. दीड तास गेला. सर सावलीत फोन बघत उभे होते. निघताना आयोजक म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिस्त मोडली."

त्यांनी मला परत बोलावलं नाही. मी नांदेडला माझ्याच ऑफिसात, रविवारी, ठेकेदार आणि गवंड्यांसाठी वर्ग सुरू केला. या वर्गाला मान्यता नाही, असं एकानं ऐकवलं. मी ती मागितलेलीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात उदगीरच्या त्या ठेकेदारांचा फोन आला.

"ताई, मालक म्हणला पश्चिमेला पूर्ण काच लाव. म्या समजावलं, दुपारचं सारं ऊन आत येतंय म्हणून, ऐकंना. मग काम सोडलं."

मला वाईट वाटलं. माझ्या शिकवण्यापायी त्यांचं काम गेलं होतं. तसं म्हटलं, तर ते चिडलेच.

"तुमच्यापायी कशाला? मला पटलं म्हणून सोडलं. त्या काचेमागं दिवसभर माणसं बसणार हायत."

हदगावजवळ माझं एका घराचं काम निघालं होतं. ते कराल का, म्हणून मी विचारलं. त्यांनी आधी पश्चिम कुठल्या बाजूला येते ते विचारून घेतलं, आणि मग ते हो म्हणाले.