व्याजदर जैसे थे, पण आमचं दुकान सुरू झालं

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या घरी पतधोरणाचं भाषण क्रिकेटच्या मॅचसारखं जीव मुठीत धरून ऐकलं.

माझा नवरा सुनील आखाती देशात एसी दुरुस्त करायचा. तिकडे युद्ध भडकलं, काम बंद पडलं आणि तो नागपूरला परत आला. इथल्याच जरीपटका भागात दुकान टाकायचं ठरलं, पण व्याजदर उतरले की कर्ज घेऊ, म्हणून आम्ही थांबलो होतो.

आज दर तसेच राहिले. वर धोकेही सांगितले: युद्ध, महागलेलं तेल, घसरता रुपया. सुनीलनं फोन बाजूला ठेवला.

"ज्या युद्धानं मले घरी पाठवलं, ते मागंमागं इथंही आलं," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी उतरतील," मी कसंबसं म्हटलं.

"उतरतील तवा उतरतील वं. तोवर काहून बसून राहायचं?" म्हणत त्यानं ओळखीच्या कूलरवाल्या काकांना फोन लावला आणि त्यांच्या दुकानातला एक कोपरा भाड्यानं मागितला.

"ये गा लवकर! लोकं रोज एसीवाला विचारून राहिले," काका म्हणाले.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर आमचे साहेब एका एसीत डोकं खुपसून बसलेले. "थांब जरा, गिऱ्हाईक आहे!" म्हणाले. त्याचा असा आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला.

देशापुढचे धोके खरेच आहेत. दर उतरले की कर्ज काढून मोठं दुकानही टाकू. पण तुम्हीही दर उतरायची वाट पाहत काही अडवून ठेवलं असेल, तर त्यातलं थोडंसं उद्याच सुरू करता येईल का?