हौदात मासे आहेत

दिगंबर गेल्याचं मला कुसुमवहिनींनीच फोन करून सांगितलं. "भाऊजी, हे गेले. पहाटं गेले. या आता." आवाज रोजचाच होता, भाजी काय करू विचारावं तसा. मग म्हणाल्या, "आन् येतांना माशांचं खाणं आनजा. संपत आलं." बुलढाण्याहून खामगावला जाणाऱ्या एसटीत, घाट उतरताना, मी त्या दुसऱ्या वाक्याचाच विचार करत होतो. कारण दिगंबर मेला तो आपल्या हौदात फार तर एखादा मासा उरला असेल असं समजून मेला, आणि हौद माशांनी भरलेला होता.

दिगंबरबद्दल चांगलं लिहायचं तर माशांपासूनच सुरुवात करावी लागते. आम्ही दोघं पिंपळगाव राजाचे. हायस्कुलापर्यंत एका बाकावर, पुढे तो विज्ञानाचा मास्तर झाला आणि मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. त्याच्या वर्गात पोरं मुततील इतकी घाबरायची. छडीला नव्हे, जिभेला. फळ्याजवळ उभं करून तो एखाद्याला असा सोलायचा की बाकीचे हसायचे, आणि हसताना उद्या आपला नंबर आहे हे त्यांना ठाऊक असायचं. माझं लिहिलेलंही तो वाचायचा. "पंडित, हे लिहिलं कायले बे? कागदाचा काय राग होता तुले?" असं म्हणून प्रत्येक ओळीत कुठे चुकलं ते दाखवायचा, आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. मी दर महिन्याला त्याच्याकडे का जायचो, हे मला बायकोलाही कधी नीट समजावून सांगता आलं नाही. इतक्या बारकाईनं मला दुसऱ्या कुणी वाचलं नाही, एवढंच आता म्हणतो.

मासे आले ते सरकारी कृपेनं. घर बांधताना परसात पाण्याचा एक सिमेंटचा हौद केलेला होता, तो तसाच पडून राहिला. डासांच्या साथीत आरोग्य खात्याच्या माणसानं त्यात ओंजळभर गप्पी मासे सोडले. दिगंबर तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता आणि सोलायला समोर वर्ग नव्हता. तो त्या गप्पी माशांपुढे तासन्‌तास बसू लागला. मग जुना हौद फोडून त्यानं मोठा, उतरत्या काठाचा नवा बांधला. सिमेंटचा क्षार निघावा म्हणून केळीच्या खोडाचे तुकडे टाकून तो पुन्हा पुन्हा भरला, पुन्हा पुन्हा उपसला. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि येतो तो ब्लीचिंगचा भपकारा घेऊन. तेव्हा नळाच्या दिवशी आधी माशांचे ड्रम भरायचे, ते पाणी दोन दिवस उघडं ठेवून मुरवायचं, आणि मग उरलं तर स्वयंपाकघरात. वहिनी उन्हाळ्यात कपडे धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायच्या आणि फरशी पुसलेलं पाणी जास्वंदीला घालायच्या. हौदाची पातळी मात्र बोटभरही खाली गेलेली मी पाहिली नाही.

नवे मासे तो अकोल्याहून आणायचा, हवा भरून फुगवलेल्या पिशवीत, बसमध्ये मांडीवर घेऊन. ते सोडण्याचा सोहळा मी एकदा पाहिला आहे. पिशवी तशीच बंद, हौदावर तरंगत ठेवली. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून. मग तोंड सोडून कपानं हौदाचं पाणी थोडं थोडं आत. मग वाट पाहणं. मग पिशवी आडवी, आणि मासा स्वतः होऊन बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही. "त्याले जागा नवी हाये. घाबरते तो," दिगंबर हलक्या आवाजात म्हणाला. तो आवाज त्याच्या गळ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. वहिनी मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, "एवढं तं मलेही नाही केलं कोनी. सुलतानपूरहून आली आन् त्याच दिवशी चुलीपाशी बुदकन टाकली." दिगंबरनं मानही वळवली नाही. म्हणाला, "मासे महाग येतात, कुसुम." मी हसलो, वहिनीही हसल्या. चहा सांडला नाही.

वहिनींची आई गेली तेव्हा मी योगायोगानं दिगंबरकडेच होतो. वहिनी माहेरी, सुलतानपूरला गेलेल्या, आणि त्याच आठवड्यात दिगंबरनं रंगीत कोय जातीचे मासे आणलेले. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर फोन लावला. "तठी रडाले लय लोक हायेत. अठी हौदाले कोन हाये? ये तू." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. "तेरवीले पुन्हा जाय ना मंग, मी कुठं नाही म्हनतो?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं वहिनी परत आल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली, आणि पदर खोचून हौदातला पालापाचोळा काढायला लागल्या. दिगंबर खुर्चीत बसून, पाला कुठे राहिला ते काठीनं दाखवत होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ तेवढी राहिली. मधल्या खोलीत पलंग टाकला. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते, परसाकडे नाही. हौद त्याच्यापासून दोन भिंतींपलीकडे होता आणि तो रोज संध्याकाळी वहिनींकडून हौदाची हजेरी घ्यायचा. पाणी किती, शेवाळ किती, कोणी खाल्लं, कोण तळाशी बसलं. उत्तर चुकलं की वर्ग सुरू.

पावसाळाभर माझं जाणं हुकलं; त्यानंतर मी गेलो तेव्हा तो निम्मा उरला होता. "पंडित," तो म्हणाला, "सारे मेले बे. एकेक करून मारले इनं. नळाचं पानी थेट सोडत असन. खडं मीठ टाक म्हनलं, तं टाकलं म्हनते, आन् दुसऱ्या दिवशी अजून एक गेला म्हनते." त्याच्या धड डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते पुसायला तो धड हातही वर उचलत नव्हता. "तांबडा एक राह्यला म्हने. तू जाऊन पाह्यजो. खरं सांगजो."

मी परसात गेलो. हौदातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचा खडा दिसत होता. माझी सावली पडली तसे सगळे वर आले. तांबडे, पांढरे, कबरे, वीतभर वाढलेले, तोंडं उघडी. बगळ्यासाठी लावलेली जाळी नवी होती. वहिनी काठावर बसून कडुलिंबाची पानं वेचत होत्या.

"वहिनी, हे तर सगळे आहेत..."

"हायेत ना. जातीन कुठं?"

त्यांनी वेचलेली पानं बादलीत झटकली. "पहिला खरंच मेला होता, भाऊजी. लहानसा होता. मी सांगतलं तं हे रडले. लेकरावानी रडले. इतके वर्सं झाले लग्नाले, मी यायले रडतांना पाह्यलं नोतं. मले वाटे यायले येतच नाही." त्या पुन्हा पानांकडे वळल्या. "मंग दुसऱ्या दिवशी मी अजून एक सांगतला."

"पण का हो?"

"काऊन म्हनजे? मी एकाले तरी मारलं काय? पाहा, कसे झाले हायेत. यायच्या हातचेही एवढे नोते वाढत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडा अभिमान होता.

मी आत गेलो आणि सांगितलं. "दिगू, सगळे आहेत. पहिला लहानसा सोडून एकही मेलेला नाही. मी आत्ता पाहिले." त्याचं वाकडं तोंड हसलं. "तुले खोटं बोलनं कवा जमलं नाही बे. लिहिण्यातही नाही जमलं." मी म्हटलं, खुर्चीत बसवून नेतो, स्वतः बघ. "रिकामा हौद पाह्याले? का तू बाजारातून आनून टाकले दोन-चार?" शेवटी मी पुन्हा परसात जाऊन मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्यानं बराच वेळ पाहिला. अंगठा हलवून मोठा करायला लावला. मला वाटलं, आता पटलं.

"जुना हाये," तो म्हणाला.

"आत्ताचा आहे दिगू. देवाशप्पथ."

"पानी पाह्य ना. असं नितळ पानी माह्या हातचं. कुसुमले हे जलमात नाही जमनार."

आणि त्यानं डोळे मिटले.

स्वयंपाकघरात वहिनी गॅसपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सांगतलं?"

"हो."

"मानलं?"

"नाही."

"मंग चहा घ्या."

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. शेवटच्या तांबड्याची बातमी त्याला कधी मिळाली, मिळाली का, हे मी विचारलं नाही. तिरडी परसाच्या दारानं निघाली, कारण पुढच्या बोळात वळण बसत नव्हतं. चौघांच्या खांद्यावरून तो हौदाच्या काठाकाठानं गेला. सावली पडली तसे मासे वर आले. कुणी जुना विद्यार्थी माझ्या कानाशी म्हणाला, "सरांनी किती छान ठेवलं होतं हो हे..." मी मान हलवली. सरांचं तोंड आभाळाकडे होतं.

परवा मी पुन्हा जाऊन आलो. दिगंबरची पुस्तकं शाळेला द्यायची होती, ती वेगळी करत मी ओसरीत बसलो होतो. मधली खोली आता रिकामी आहे. पलंग शेगावच्या एका नातेवाइकानं नेला. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार डाग उरले आहेत आणि भिंतीला, डोकं टेकायचं तिथे, तेलाचा एक गोल. परसातून वहिनींची हाक आली नाही, पण बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच येईना, म्हणून मी उठलो.

त्या हौदापाशी उभ्या होत्या. हातातल्या जाळीत एक मासा होता, पांढरा, पाठीवर तांबडा ठिपका. पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले. बाकीचे खाली फिरत होते. "हा खरंच मेला," त्या म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःशीच. मग जाळी हातात धरून त्या घरात शिरल्या. पाण्याचे थेंब स्वयंपाकघराच्या फरशीवर पडत गेले. मी मागे होतो. मधल्या खोलीच्या दारात त्या थांबल्या, पदर नीट केला.

"आयकलं का..." त्या म्हणाल्या.

समोर फरशीवर पलंगाचे चार डाग होते. जाळीतून पाणी गळत होतं. मी ती त्यांच्या हातून घ्यायला गेलो, तर त्यांनी मूठ सोडली नाही.