राहून गेलेल्या गाण्यांचा अल्बम

नांदेडला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे-चहा झाल्यावर मोठ्यांनी आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. वाळत घातलेल्या कुरडयांच्या कडेला आम्ही उभे राहिलो. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. मी लातूरच्या एका दाळमिलमध्ये यंत्रांची देखभाल बघायचो, अजूनही बघतो. हे दोघांनाही आधीच माहीत असल्यामुळे बोलणं लगेच संपलं.

"गाणी ऐकता का?" तिनं विचारलं.

"ऐकतो की. लागतील ती."

मग तिनं तिच्या आवडत्या बँडबद्दल सांगितलं. परदेशातली माणसं, गिटार नाही, गाणारा नाही. नुसते चेलो आणि ड्रम, आणि वाजवणं मात्र दणदणीत रॉक. चेलो म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. "व्हायोलिनचा थोरला भाऊ. खाली टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवतात," ती म्हणाली. तिच्या मामेभावानं तिला त्यांचा एक अल्बम दिला होता. कुठल्याच अल्बममध्ये न बसलेल्या, राहून गेलेल्या चालींचा. कच्ची रेकॉर्डिंग, कार्यक्रमात वाजवलेलं काहीबाही, अर्धवट सोडलेलं.

"चांगले अल्बम सोडून हाच का?"

"यात ती माणसं चुकतात. मला ते आवडतं. पण आजपर्यंत कुणी पूर्ण ऐकलेला नाही. मैत्रिणी दुसऱ्या गाण्यालाच उठून जातात."

तिनं तो माझ्या मोबाईलवर पाठवला. परतीच्या एसटीत लोह्याच्या पुढं मी कानाला लावला आणि मला आमच्या मिलमधलं ग्रीस संपलेलं बेअरिंग आठवलं. तरी ऐकत राहिलो. अहमदपूर गेलं, चाकूर आलं. एका चालीत मधेच एक जण चुकला, सगळे थांबले, कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. ती चाल मी परत लावली.

दोन्हीकडून निरोप जायच्या आधीच मी तिला फोन केला. "बाकीचं खरं सांगू का, डोक्यावरून गेलं. पण ते मधे थांबतात ना, ते आवडलं."

ती म्हणाली, "खोकल्याचं ऐकलं तुम्ही? म्हणजे तिथवर पोचलात."

लग्न नांदेडलाच ठरलं. मला वाटलं, परण्यात तिची एक चाल वाजवून घ्यावी. परण्या म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तेवढंच अंतर. बँडवाले चाचा तिथलेच, पिढीजात बँडवाले. त्यांनी माझा मोबाईल कानाशी धरून डोळे मिटले.

"बेटा, याच्यावर नाचणार कोण?"

"कुणी नाही नाचलं तरी चालेल, चाचा."

"मंग वाजवू," ते म्हणाले. "क्लॅरनेटवर बसवून बघतो."

मी घोड्यावर बसलो आणि त्यांनी सुरू केलं. क्लॅरनेटनं चाल बरोब्बर पकडली होती. ढोल-ताशा मात्र आपल्याच नादात पुढं निघाला. नाचायला सरसावलेले माझे चुलतभाऊ हात वर करून तसेच उभे. आत्या मला म्हणाली, "कोणी गेलं का रे?" चाचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, ताशावाल्याला दटावलं, पुन्हा वाजवलं. दुसऱ्या वेळी चाल चौकापर्यंत टिकली. मग भावांची दया येऊन त्यांनी नेहमीचं नाचायचं गाणं धरलं.

कार्यालयाच्या खोलीत हिच्या केसांत गजरा माळणं चालू होतं. चाल ऐकून ती खिडकीशी धावली आणि गजरा बाईच्या हातात राहिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिचे डोळे लाल होते. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

लातूरला आल्यावर अवघड काम होतं ते माझ्या आईचं. आई रेणापूरकडची, तिला आवाज म्हटला की भजनाचा. सून स्वयंपाक करताना अल्बम लावायची आणि आई म्हणायची, "पोरी, ते करवतीचं काय लावायलीस, आवाज बारीक कर की." सून बारीक करायची. कधी भांडण झालं नाही, पण मला दोघींची धाकधूक असायची.

मागच्या दिवाळीत आम्ही तिघं कारनं नांदेडला निघालो. अल्बम चालू होता. मागच्या सीटवर आई डोळे मिटून पडलेली, म्हणून हिनं हळूच बंद केला.

"बंद का केलं?" आई म्हणाली.

"तुम्हाला त्रास होतो ना."

"आता न्हाई होत. सवय झाली. लाव, मला झोप लागायली होती."

हिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा लावला. लोहा येईपर्यंत आई घोरत होती.