मॅचिंगवाले काका आणि काचेचं छप्पर

आज घाटकोपरच्या आमच्या जुन्या बंदिस्त बाजारात आईच्या साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेले. मॅचिंगवाले काका सवयीने कापड घेऊन मधल्या चौकात आले. तिथल्या काचेच्या छपराखालीच खरा रंग कळतो ना!

पण अंधार. मी मान वर केली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काय सुंदर लोखंडी कमानी! आणि मधल्या काचांवर पत्रे ठोकलेले. बाजार पाडणारेत.

"विसरलोच गं," म्हणत काकांनी मोबाईलचा टॉर्च लावला.

"नव्या मॉलमध्ये गाळा मिळतोय ना?"

"मिळतोय की. बेसमेंटला."

घरी येऊन खिडकीत धरलं, तर रंग साफ चुकलाय. बदलून आणू म्हणता? कुठल्या उजेडात?