काचेच्या कपाळावर कुंकू

शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढून आमचा अख्खा वर्ग पीटीच्या तासाला घरी पाठवला होता. तालुक्याची शाळा, भिंती पातळ, कुणी बघायला आलं नाही. तेव्हापासून मला कुणाचाही आवाज काढता येतो. पण गेल्या खंडेनवमीला माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती कुणाची होती ते मला अजून कळलेलं नाही.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि चिखलीला काकांकडे राहतो. काका तिथलेच, जुन्या गावातले. शेतं गेली, बिल्डिंगी आल्या. काकांकडे राहिलं घर, मागचं लांबट अंगण आणि क्लबातून घेतलेली छऱ्याची रायफल. रोज संध्याकाळी अंगणाच्या टोकाला, दहा मीटरवर, भिंतीला कागद लावायचा आणि नेम धरायचा. दुसरा नाद नाही.

वर्षभरात मात्र काकांचे डोळे जवळचं धरेनात. नळीच्या टोकाला नेमासाठी असते ती बारीक खूण, माशी, नीट दिसली तर नेम धरणार ना! माशीच्या जागी त्यांना काळा कापूस दिसायला लागला. एके दिवशी जेवताना म्हणाले, "दसऱ्यानंतरची क्लबाची मॅच झाली की रायफल देऊन टाकतो. कागद फुकट घालवायचा न्हाई."

काकी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रायफल गेली तर हा माणूस दिवसभर माझ्या सैपाकघरात बसंल. भाजीत मीठ किती, गॅस बारीक का मोठा. तू काय तरी कर बाबा."

मी म्हणालो, स्कोप लावू. दुर्बीण असते, रायफलीवर बसते. माशी बघायचीच नाही, आत एक फुली असते, ती नेमावर ठेवायची. मॅचमध्ये वयस्कर लोकांना चालते, मी क्लबात विचारून ठेवलं होतं. प्रश्न बजेटचा. काकांनी जी रक्कम सांगितली तिच्यात युरोपातला नवा स्कोप म्हणजे त्याचं नुसतं झाकण आलं असतं. किंमत वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि पाणी प्यायलो.

मग सेकंडहँड. पंधरवडाभर मी तेच केलं. समोरची काच माणकासारखी लाल चमकली की मी पळ काढायचो, तो स्वस्तातला माल. कुणी सांगायचा "पॅकबंद आहे", आणि फोटोत नळीवर क्लॅम्प आवळल्याचे वळ. एकाला मी तीनदा फोन केला. एकदा देहूरोडचा रिटायर्ड सुभेदार झालो, एकदा लातूरकडचा कॉन्ट्रॅक्टर, एकदा चुळबुळ्या आत्याबाई. सुभेदाराला त्यानं सांगितलं स्कोप जर्मनीहून आणला, कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं ऑस्ट्रियाहून. आत्याबाईंना म्हणाला, "मावशी, घ्या हो, लहान मुलांना चांदोबा दाखवायला छान आहे."

शेवटी तळेगाव दाभाड्याचे एक आजोबा सापडले. त्यांच्याकडं ऑस्ट्रियाचा स्कोप होता, जुना पण जपलेला. बोलणं असं, की मला तिथल्या तिथं नक्कल करावीशी वाटली. "बाळ, ही काच नव्हे. हा झरा आहे झरा."

मी कंपनीत पार्ट तपासतो तसा तो तपासला. टॉर्च तिरका मारून आत बुरशीचं जाळं आहे का बघितलं. बटणं टकटक फिरवली, प्रत्येक टक वेगळी ऐकू आली. फुली वर, उजवीकडं, खाली, डावीकडं नेली, बरोबर जागेवर परत आली. काकांची रायफल सिलिंडरच्या हवेवर चालते, तिला स्प्रिंगच्या रायफलीसारखा उलटा दणका नाही, म्हणजे स्कोप खिळखिळा व्हायची भीती नव्हती. मग गच्चीवर जाऊन लांबच्या टेकडीवरचं देऊळ बघितलं. राव, मी हबकलो! कळसावरच्या झेंड्याची शिवण दिसत होती. झेंडा फडफडला की शिवण हलायची. बजेटात बसला. देताना आजोबा म्हणाले, "एकदा दिला की दिला हं, बाळ. परत नाही." मी म्हटलं, परत कोण देतंय!

खंडेनवमीला सकाळी तो रायफलीवर चढवला. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा असते. पाटावर कोयता, विळा, नटबोल्टचे पाने, माझा मापं घ्यायचा व्हर्नियर आणि मधोमध रायफल. मी झेंडूचे हार आणायला गेलो. परत आलो तर काकी पूजा उरकून उदबत्ती ओवाळत होत्या. कोयत्याला कुंकू, विळ्याला कुंकू, व्हर्नियरला कुंकू. आणि स्कोपच्या समोरच्या काचेवर, बरोब्बर मधोमध, पाण्यात कालवलेलं कुंकू, त्यावर चिकटलेल्या अक्षता.

किंकाळी ती हीच.

"आगं बया! काय झालं?"

"काकी! काचेवर?"

"मग कुठं लावायचं? सगळ्यात पुढं, गोल, मोठं. कपाळच हाय की त्याचं!"

 त्या काचेवर जो पातळ थर असतो त्याचेच तर पैसे असतात. तांदूळ घासला की चरा. मी श्वास धरून एकेक अक्षत फुंकरीनं उडवली, पाण्याच्या थेंबांनी कुंकू सोडवलं, चष्म्याच्या फडक्यानं टिपत गेलो.  शेवटी टॉर्च मारून बघितलं, एकही चरा नाही. काच आरशासारखी.

काकांनी रायफल टेबलावरच्या उशीवर ठेवली आणि अंगणाच्या टोकाच्या कागदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"धुकं हाय," ते म्हणाले.

"असं कसं?"

"नुसतं धुकं. फुली दिसती, कागद न्हाई." मग काकीकडं वळून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "घातलंस पाण्यात सगळं! कशाला हात लावतीस?"

काकींनी पाटावरचा हार सरळ केला, परत वाकडा केला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी डोळा लावला. खरंच धुकं. मोठं करायची रिंग मागं घेतली, धुकं जरा विरळ झालं, बस. चिडून नळी वर केली तर पलीकडच्या अर्धवट टॉवरच्या बाराव्या मजल्यावर एक मिस्त्री बिडी पेटवत होता. काडी दिसली! खाली अंगणात, धुकं. पुन्हा वर, काडी. 

कुंकवाचा काही संबंध नव्हता. हे स्कोप तिकडच्या शिकाऱ्यांसाठी, लांबचं बघायला बसवलेले. जवळचं जुळवायचं बटण काहींना असतं, याला नव्हतं. मी बुरशी बघितली, टकटक बघितली, झेंड्याची शिवण बघितली. दहा मीटरवरचा कागद तेवढा बघितला नाही. गिऱ्हाईक माल जिथं वापरणार, तिथंच माझी तपासणी नाही! कंपनीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याची नक्कल मी महिनाभर कँटीनमध्ये केली असती.

"काका, काकींचं काही नाही. माझं चुकलं. स्कोपच लांबचा आहे."

काकांनी मान हलवली आणि स्क्रूचा पाना शोधायला लागले. "काढ ते. परत घेत न्हाईत म्हणलास ना? जाऊदे. रायफल उद्याच क्लबात देऊन टाकू."

तेव्हा काकी पुढं आल्या. "रायफल रिकामी हाय न्हवं?"

"बोल्ट उघडा हाय, आत छरा न्हाई. का?"

"मी लई खराब केली ना काच? मग घ्या!" आणि टेबलाला वळसा घालून त्यांनी समोरची काच तळहातानं झाकली. "आता बघा. आता तरी दिसतंय का नीट?"

काका रागानं खरंच बघायला वाकले. काकींची बोटं जाडसर, मधे थोडी फट राहिलेली. काकांनी दुसरा डोळा घट्ट मिटला.

"हात काढू नगंस," ते म्हणाले.

"काढणारच हाय!"

"आगं काढू नगंस! रेघा दिसत्यात! कागदावरच्या रेघा दिसत्यात!"

मी काकांना जवळजवळ ढकललंच. डोळा लावला. काकींच्या बोटांच्या फटीतून कागद जरा अंधारलेला, पण गोलन् गोल वेगळा. मी काकींकडं बघितलं, काकी माझ्याकडं. आमच्या तिघांचे चेहरे कुणी बघितले असते तर घरात भूत निघालं असं वाटलं असतं. काच झाकली तर नीट दिसतं? नंतर डोक्यात आलं, चष्मा सापडला नाही की मीच मूठ करून तिच्या भोकातून घड्याळ बघतो; बारीक भोकातून धूसरही रेखीव दिसतं.

काकींचा हात मॅचला नेता येत नव्हता. कपाटातून जाड लग्नपत्रिका काढली, काचेच्या मापाची चकती कापली, मधे शर्टाच्या बटणाएवढं भोक पाडलं, काळ्या टेपनं चिकटवली. काकांनी पाच छरे मारले. पाचही मधल्या काळ्या गोलात. त्यांनी कागद भिंतीवरून काढला, उन्हात धरला आणि छऱ्यांच्या भोकातून काकीकडं बघितलं.

मॅचला पंचांनी स्कोप हातात घेतला. चकतीवर सोनेरी अक्षरात "अगत्य येण्याचे करावे" एवढंच उरलं होतं. ते कितीतरी वेळ हसले. काकांचा नंबर चौथा आला. रायफल क्लबात राहिली नाही, माझ्या स्कूटरवर काकांच्या मांडीवर बसून घरी आली.

घरी मी काकींना काकांच्याच आवाजात म्हणालो, "आगं, माझं चुकलं, मी उगा वराडलो."

"हे तू बोललास," काकी म्हणाल्या. "त्यांना बोलू दे की."

काका उंबऱ्यात चपला काढत होते. बराच वेळ काढत होते. मग म्हणाले, "भाजीत मीठ किती टाकायचं ते मी आता सांगणार न्हाई."

काकी एवढ्या दचकल्या की हातातलं ताट पडलं.