पाचव्या घराची कोरी ओळ

आमची फील्ड कंपनी तेव्हा पुण्यात होती. पावसाळ्याचे चार महिने फ्लड रिलीफसाठी एक कॉलम तयार ठेवायचा, असा कायमचा हुकूम होता. तीस जवान, तीन गाड्या, दोर, फावडी, स्ट्रेचर आणि दोन रेडिओ सेट. मी कॉलमचा हवालदार, म्हणजे हजेरी, सामान आणि कागद माझ्याकडे. नाव मधुकर, राहणार कडाव, तालुका कर्जत. आता पेन्शनीवर आहे, भात लावतो, दोन म्हशी सांभाळतो. दुसऱ्याची फुशारकी मला खपत नाही, तेव्हा माझीही इथे मारणार नाही. मारण्यासारखं काही नाहीच.

कॉलमबरोबर नर्सिंग असिस्टंट म्हणून लान्स नाईक शमुवेल साळवे असायचा. नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती. वय एकोणतीस आणि अंगानं काडी. पहाटे पीटीच्या आधी दहा मिनिटं तो बराकीमागे गुडघ्यावर बसायचा. रविवारी आम्ही मंदिर परेडला जायचो तेव्हा हाही युनिफॉर्म कडक करून शेवटच्या रांगेत उभा. पोरं त्याला पाद्री म्हणायची. तो हसायचा.

रूट मार्च संपला की सगळे चहाकडे पळायचे आणि हा बादली, साबण घेऊन बसायचा. प्रत्येकाचे पाय तपासायचे, असा नियम आहे. नियमात धुवायचं लिहिलेलं नाही. हा धुवायचा. फोड, चिखल्या, नखुरडं, सगळं मांडीवर घेऊन. मी एकदा म्हटलं, "आमच्याकडे पाय फक्त जावयाचे धुतात, रं."

"मग सगळी कंपनी जावई समजा, हवालदारसाहेब. आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मी कोण लागून गेलो?"

"आणि ती प्रार्थना? त्यानं फोड बरा होतो?"

"फोड मलमानं बरा होतो. प्रार्थना माझ्यासाठी असते. कंटाळा येऊ नये म्हणून."

असा माणूस. कधीकधी त्याचा राग यायचा मला. आपण खोटे पडल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी ०६४० ला फोन आला. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर दरड कोसळली होती. वाडीचं नाव लिहीत नाही, त्या माणसांना तिथेच राहायचं आहे. ०७१५ ला गाड्या सुटल्या. खालापूरला पोलिसांची जीप पुढे लागली, कर्जत मागे टाकलं, १०१० ला कशेळे. पुढे रस्ता संपला तिथे कॅप्टनसाहेब एक सेट घेऊन थांबले आणि आम्ही सुभेदारसाहेबांच्या मागे डोंगर चढलो. १११० ला वाडीत पोचलो.

पाच घरं मातीखाली होती. पाऊस चालूच. वरच्या कड्याला एक लांब भेग दिसत होती आणि तिच्यातून गढूळ पाणी येत होतं. सुभेदारसाहेबांनी एकदा वर बघितलं आणि मला म्हणाले, "मधुकर, तू इथला. आत कोण कोण आहे, नॉमिनल रोल कर. दहा मिनिटं."

कुठल्या घरात कोण, हे कळल्याशिवाय फावडं कुठे मारायचं ते कळत नाही. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅड घातलं आणि वाचलेल्या माणसांत फिरलो. पहिल्या चार घरांची नावं मिळाली. सात. पाचव्या घरासमोर एक बाई बसली होती, चांगूबाई. पाणी आणायला बाहेर गेली म्हणून वाचली होती. पायाला मोठी जखम.

"आत कोन हाय?" मी विचारलं.

"आमचं ह्ये हायेत."

"नाव काय त्याचं?"

तिनं पदर तोंडाला लावला.

"नाव सांग गं बाय. मला लिव्हायचंय."

तिनं शेजारणीकडे बोट केलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अडलंच तर शेजारणीनं सांगायचं, ही इकडची रीत. शेजारीण तेव्हा शुद्धीवर नव्हती. मला हे सगळं कळत होतं बरं का. माझ्या आईनं जन्मभर माझ्या बापाचं नाव घेतलं नाही. दवाखान्यात केसपेपर काढायला सुद्धा मला पुढे करायची. 'एक पुरुष' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण नॉमिनल रोल म्हणजे नावांचा कागद, हे डोक्यात बसलेलं. मी ओळ कोरी सोडली. मागाहून भरू म्हटलं. सेटवर कॅप्टनसाहेब ओरडत होते.

"रोल पाठव. ओव्हर."

"चार घरं, सात नावं," मी म्हणालो आणि वाचत गेलो. कोरी ओळ वाचायची कशी? आठवा माणूस राहिला तो तिथेच राहिला. पाचवं घर रिकामं असं सगळ्यांनी धरलं आणि घाईत ती ओळ भरायचं मीही विसरलो.

तीस जवान चार घरांवर लागले. १३१५ पर्यंत सातही माणसं मिळाली. दोन जिवंत, पाच गेलेली. भेग आता हातभर रुंद झाली होती. सुभेदारसाहेबांनी रोल मागितला, नावांवर खुणा बघितल्या आणि सेटवर बोलले, "सातच्या सात. खाली येतो." जवान दोर गुंडाळायला लागले.

शमुवेल चांगूबाईच्या पायाला पट्टी बांधत होता. ती सकाळपासून त्याच जागेवर बसून होती. हलायला तयार नव्हती.

"बाई, खाली चला. मालक कुठं आहेत तुमचे?"

"आतच हायेत," ती म्हणाली. "सायबाला सांगितलंय. त्यांनी लिवून घेतलं. येतील आता."

दोन तास ती बाई गप्प बसली होती, कारण मी कागदावर पेन्सिल टेकवताना तिनं बघितलं होतं. साहेबानं लिहून घेतलंय, म्हणजे येणार. शमुवेलनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्याला कळलं असावं. तो तसाच उठून सुभेदारसाहेबांकडे गेला.

"साहेब, पाचव्या घरात माणूस आहे."

साहेबांनी सगळ्यांना गप्प उभं केलं. अशा वेळी नावानं हाक मारायची आणि कान लावायचा, ही पद्धत आहे. वाडीची बाकी माणसं तोवर खाली नेली होती आणि आमच्यापैकी कुणालाच नाव ठाऊक नव्हतं. शमुवेल बाईला म्हणाला, "तुम्हीच हाक मारा. घरात मारता तशी."

ती मातीवर ओणवी झाली. "अवं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "अवं, आयकलं का?"

तीन वेळा काही नाही. चौथ्यांदा खालून लाकडावर ठोकल्याचा आवाज आला. १३४०.

शमुवेल गुडघ्यावर बसला. त्याची प्रार्थना मी शब्दानिशी पहिल्यांदा ऐकली. "प्रभू, आम्हाला ह्याचं नाव माहीत नाही. तुला माहीत आहे. आम्हाला वेळ दे." एवढंच. आणि फावडं उचललं.

पस्तीस मिनिटांत एक भोक पडलं, एक सडपातळ माणूस जाईल एवढं. आत तुळई आडवी पडली होती आणि तिच्याखाली कमरेपर्यंत अडकलेला माणूस. गढूळ पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत चढलेलं. शमुवेल आत उतरला. त्यानं त्या माणसाचं डोकं दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरलं. तुळई कापायला करवत आत द्यायची होती. तेवढ्यात भेगेवर नजर ठेवायला वर उभ्या केलेल्या जवानानं शिट्टी मारली. भेग हलली होती.

"सगळे मागे," सुभेदारसाहेब म्हणाले. "साळवे, बाहेर ये."

"साहेब, हात काढला तर हा बुडतो."

"साळवे, ऑर्डर आहे."

"दोन मिनिटं, साहेब. करवत द्या कुणीतरी."

करवत माझ्या हातात होती. पाच पावलांवर भोक होतं. मी तीन पावलं गेलो. मग वरचा आवाज झाला आणि माझे पाय आपोआप उलटे फिरले. शूर असतो तर आणखी दोन पावलं गेलो असतो. १४२० ला कडा खाली आला.

दोघे १६३० ला सापडले. शमुवेलचे हात त्या माणसाच्या डोक्याखालीच होते. शेजारीण तोवर शुद्धीवर आली होती. तिनं नाव सांगितलं. पदू. मी ते कोऱ्या ओळीत लिहिलं. पेन्सिल ओली होती, उमटेना. दोनदा गिरवलं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, पाचव्या घरावर काम दोन तास उशिरा का लागलं? तिथे खरं बोलता आलं असतं. मी सांगितलं, "त्या घरातल्या महिलेनं पतीचं नाव सांगितलं नाही." शब्द खोटा नव्हता. त्यामुळेच तो सहज पचला. टाइप होता होता त्याचं 'माहिती देण्यास नकार दिला' असं झालं. खाली माझी सही. शमुवेलच्या नावानं पदक आलं, त्याच्या आईनं घेतलं. माझी नोकरी सुखरूप राहिली.

पेन्शन आली त्याच आठवड्यात मी नगरकडे त्याच्या गावी गेलो. त्याची आई रूथबाई एकटीच असते. म्हणाली, "सलाम, बाबा. बस." मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. रोल, कोरी ओळ, करवत, सही. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल, नाहीतर क्षमा करेल. दोन्हीला मी तयार होतो.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "माझं लेकरू त्याच्या कामावर गेलं. तू ज्या बाईवर ढकललंस, तिला सांग. मग ये, जेवू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी रोज तेच मागेन प्रभूजवळ. मला दुसरं काय काम आहे?"

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला भीती वाटत होती. मी न जेवता निघालो.

कडावहून कशेळे किती लांब? पोचायला मला आठ महिने लागले. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. म्हशीचं निमित्त, लावणीचं निमित्त. करवत धरून थांबलो होतो तसाच घरात थांबलो होतो. शेवटी एका सोमवारी बाजारच्या जीपमध्ये बसलो आणि वर चढलो.

वाडी आता थोडी बाजूला सरकली आहे. पत्र्याची घरं. चांगूबाई दारात तांदूळ निवडत होती. मला ओळखलं नाही. कोण ते सांगितल्यावर सूप खाली ठेवलं.

"बाय, त्या दिवशी तुझी चूक नव्हती," मी म्हणालो. "तू सांगितलं व्हतंस मानूस आत हाय म्हनून. मीच लिवलं नाय. वर सायबांना तुझं नाव सांगितलं. म्हणालो, तिनंच सांगितलं नाय."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मदतीचं लिवायला गेलते," ती म्हणाली, "तवा हापिसातल्या मानसानं कागद वाचला. म्हनला, बाय, तू नाव सांगितलं आसतंस तर दोगंबी वाचलं आसतं. सगळ्यांम्होरं बोलला. तवापासून सासरा माझ्या हातचं पानी घेत नाय. त्या तिथं बसलाय, बगा. चार वर्सं झाली."

पलीकडच्या घरासमोर एक म्हातारा बसला होता.

"मंग मी नाय मारलं त्यांना?"

"नाय."

"तवा का नाय बोल्लात?"

"भ्यालो."

ती रडली नाही. उठली, अंगणाच्या मध्यावर गेली आणि हाक दिली. "इकडं या सारी. ह्ये मिल्ट्रीवालं काय सांगतायत ते आयका." दहा-बारा माणसं आली. म्हातारा काठी टेकत सगळ्यांत शेवटी आला. मी पुन्हा सांगितलं.

"त्यांना कमी आयकू येतं," चांगूबाई म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

परेड ग्राउंडवर पाचशे माणसांसमोर माझा आवाज कधी फुटला नव्हता. तिथे फुटला. तरी शेवटपर्यंत सांगितलं. पळाल्याचंही सांगितलं. कुणी मला मारलं नाही, कुणी बसही म्हटलं नाही. बायका आपापसात हळू बोलत होत्या.

म्हातारा तिच्या दारात जाऊन खाली बसला. मग म्हणाला, "पानी दे गं."

तिनं तांब्या दिला. घाईत निम्मं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. त्यानं उरलेलं सगळं पिऊन टाकलं. मग तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"माझ्या पोराचं डोसकं धरलं व्हतं त्या डाक्टरनं. त्याचं नाव काय, रं?"

"शमुवेल साळवे," मी म्हणालो.

त्याला ते म्हणता येईना. दोनदा चुकला. तेव्हा चांगूबाई त्याच्या कानाशी वाकली आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून, तिनं ते नाव घेतलं.