बदललेले निरोप

माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. चाळिशी उलटली तरी धाकटीच. दिवसभर मशीनच्या घरघरीत मान खाली घालून काम करते आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसते. गाणी तीच लिहिते, चाली तीच लावते, तीच गाते आणि इंटरनेटवर टाकून मोकळी होते. ऐकणारे मूठभर. त्यात मी नव्हतो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तिचा माझा छत्तीसचा आकडा. ती तोंडाची फटकळ, आणि मीही काही कमी नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती गिटार, माइक आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, तुमची आतली खोली लागणार आहे. गाणं रेकॉर्ड करायचंय."

"तुझ्या घरी काय झालं?"

"घरी आई असते. गाणं तिच्यावर आहे."

एवढं बोलून ती आत घुसली. आमच्या रजया खिडकीवर टांगल्या, कपाटातले कपडे पलंगावर ओतले, पंखा बंद केला, फ्रिजसुद्धा बंद केला. फ्रिजचा आवाज येतो म्हणे. दूध नासलं ते नासलंच, वर मला बजावून गेली, "चप्पल काढून चाला, फटफट ऐकू येते." माझ्याच घरात मी चोरासारखा अनवाणी फिरत होतो.

आता माझ्या सासरची गोष्ट सांगायला हवी. माझे सासू-सासरे एका घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण साधंसुधं नव्हतं. सासऱ्यांच्या भावाचं लग्न घरात होतं आणि त्याच वेळी सासूबाईंचे वडील गेल्याचा निरोप आला. लग्नाचा विचका नको म्हणून सासऱ्यांनी तो दाबून ठेवला. पाहुणे पांगल्यावर सांगितलं. तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. बाईला बापाचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून अबोला. जे काही बोलायचं ते पोरांकरवी. थोरला मुलगा म्हणजे दादा, तो बापाच्या बाजूचा. माझी बायको बराच काळ मामाकडे शिकायला. म्हणजे उरली धाकटी. "जा, त्यांना सांग, जेवायचं तर जेवा, नाहीतर राहा उपाशी." "जा, आईला सांग, मला तिच्या हातचं नको." असं ते टपाल स्वयंपाकघर ते बाहेरची खोली चालायचं. सासरे गेले तरी त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

बंद दाराआड धाकटी तेच कडवं पुन्हा पुन्हा गात होती. कधी खोकला यायचा, कधी शेजारी ड्रिल सुरू व्हायचं, की पुन्हा पहिल्यापासून. बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली तेव्हा मीही कान दिला.

ते म्हणाले, जाते तर जाऊ दे तिला,
मी म्हटलं, आई, 'चुकलं' म्हणाले तुला.
दारातली बॅग आत गेली पुन्हा,
तेव्हापासून घर हा माझाच गुन्हा.

बायकोनं हातातली सुरी ठेवली आणि सरळ दार उघडून आत गेली. रेकॉर्डिंग बोंबललं.

"हे खरं आहे?"

"ताई, बाहेर हो."

"आई घर सोडून निघाली होती?"

"निघाली होती. तू मामाकडे होतीस. बॅग भरून दारात उभी होती. मला म्हणाली, जा, त्यांना सांग मी चाललेय. मी सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे. मी परत येऊन वेगळंच सांगितलं."

"आणि ती थांबली?"

"थांबली. म्हणाली, त्यांना सांग, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, तोवर मी बोलणार नाही. तो निरोप मी दिलाच नाही. कसा देणार? ते म्हणालेच नव्हते तर."

बायको मटकन पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगात बसली. मग म्हणाली, "बाहेर टाकण्याआधी आईला सांग."

"सांगितलं तर ती नको म्हणेल. तिनं नको म्हटलं तर मी टाकणार नाही. म्हणून सांगत नाही."

दोघी बहिणी त्यानंतर तावातावानं भांडल्या. बायको म्हणाली, तुला आईपेक्षा टाळ्या प्याऱ्या. धाकटी म्हणाली, तू मामाकडे मजेत होतीस, तू मला शिकवू नकोस. त्या भांडणानंतर घेतलेलं रेकॉर्डिंगच तिनं शेवटी ठेवलं. त्यात आवाज फाटलाय. ज्याच्याकडे ती आवाज साफ करायला द्यायची, तो गडी सांगत होता, "पुन्हा गा, हे चिरकतंय." ही म्हणाली, "चिरकू दे."

गाणं बाहेर गेलं. मूठभरांनी ऐकलं, त्यांनी पुढे पाठवलं, आणि बघता बघता ते पसरलं. अनोळखी लोक तिला लिहायला लागले की आमच्याही घरात असंच होतं. दादाची ड्रायव्हिंग स्कूल आहे; तिथल्या एका शिकाऊ बाईच्या मोबाइलवर त्यानं बहिणीचा आवाज ऐकला. बाईला गाडीतच सोडून तो उतरला म्हणतात. आम्हा सगळ्यांना फर्मान सुटलं: आईकडे या, आत्ताच्या आत्ता.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. या बाईनं आयुष्यभर इस्पितळात आयाचं काम केलं, पाठ अजून ताठ. दादानं मोबाइल टेबलावर आपटला.

"आई, ऐक. तुझ्या लाडक्या लेकीनं बाबांना चव्हाट्यावर मांडलंय."

गाणं वाजलं. दादा प्रत्येक ओळीला फणकारत होता. धाकटी दाराला टेकून उभी, हाताची घडी. गाणं संपलं तेव्हा दादाचं भाषण सुरू झालं: मेलेल्या माणसाची अब्रू, घराण्याचं नाव, लोक काय म्हणतील.

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "ते 'चुकलं' म्हणाले नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"तू रचलंस."

"हो."

दादा मध्ये पडला, "ही बाबांवर—"

"तुला गप्प बस म्हटलं ना!" सासूबाई उठल्या. "मला दुसऱ्या गावात वसतिगृहात नोकरी लागली होती. राहायला खोली होती. तुम्हा पोरांना महिन्याभरात घेऊन जाणार होते. सगळं ठरलं होतं. त्या एका शब्दावर मी बॅग आत नेली. पुढं त्यांची आजारपणं काढली, अंग पुसलं, घास भरवला. का? तर हा माणूस एकदा तरी चुकलं म्हणाला, फक्त तोंडावर म्हणवत नाही बिचाऱ्याला, असं धरून चालले. बिचारा! माझं आयुष्य तू ठरवलंस, एवढीशी कार्टी!"

"मी लहान होते."

"तेव्हा लहान होतीस. नंतर? घोडी झाल्यावर? ते गेले तेव्हा? मला सांगायला तोंड नव्हतं, आणि जगाला गाऊन सांगतेस?"

इथं धाकटीचाही तोल गेला. "तोंड तुम्हा दोघांनाही होतं! धडधाकट दोन माणसं, आणि मध्ये मला उभं केलंत. ताप असला तरी उठून निरोप न्यायचा. तुझे शब्द तसेच्या तसे नेले असते ना, तर या घरात कुणीतरी कुणाचा तरी जीव घेतला असता. तू कधी विचारलंस, पोरीला हे झेपतं का?"

सासूबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "चालती हो."

ती चालती झाली ती थेट आमच्या आतल्या खोलीत. तिच्यासोबत गिटारही. मी कुरकुर केली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की कुरकुर गिळली.

दादा मात्र थांबला नाही. तो चष्म्याच्या दुकानात गेला, गिऱ्हाइकांसमोर तिला नाही नाही ते बोलला. घरभेदी म्हणाला, नाटकी म्हणाला. मालकानं तिला नंतर सुनावलं, घरची भांडणं घरी ठेव. ती काच घासत राहिली आणि गाणं इंटरनेटवर तसंच राहिलं. शेवटी 'गाणं काढून टाक' असं आईकडूनच वदवून घ्यायचं दादानं ठरवलं. हे कळल्यावर बायको मला घेऊन तिकडे धावली.

मला वाटलं, आपण जरा सांभाळून घ्यावं. म्हणालो, "आई, तिला फार वाईट वाटतंय."

"ती म्हणाली असं?"

"म्हणाली असं नाही, पण—"

"मग तुम्ही कशाला म्हणता, जावईबापू? या घरात आता कुणी कुणाच्या वतीनं एक अक्षर बोलायचं नाही."

दादा आमच्या आधीच येऊन बसला होता. तो म्हणाला, "आई, तू फक्त एकदा सांग. तू सांगितलंस तर ती गाणं काढून टाकेल."

"का काढायचं?"

"बाबांची बदनामी होतेय!"

"त्यात खोटं काय आहे? ते 'जाऊ दे' म्हणाले. ते तसंच म्हणणारे होते, मला ठाऊक असायला हवं होतं."

"आणि तुझी? तुझी नाही होत बदनामी?"

"माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. इतक्या वर्षांत एक खरं बोललं गेलंय, तेही तू पुसणार?"

दादा पाय आपटत निघून गेला. सासूबाईंनी आमच्यादेखत धाकटीला फोन लावला.

"गाणं काढू नकोस. आणि घरी पाऊल ठेवू नकोस. दोन्ही ऐकलंस?"

पलीकडून धाकटी काहीतरी म्हणाली.

"आणि मी का निघाले होते ते गाण्यात कुठंय? माझ्या वडिलांचं एक अक्षर नाही! लोकांना वाटेल, चहात साखर कमी पडली म्हणून बाई निघाली."

यावेळी धाकटीचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "ते तुझं आहे, आई. तुझं गाणं मी नाही गाणार. आयुष्यभर तुझंच तर बोलत आले."

सासूबाईंचा चेहरा लालेलाल झाला, पण फोन कानाला तसाच होता. पुढं बराच वेळ त्या दोघी भांडत राहिल्या.

दादा आता आमच्यापैकी कुणाशीच बोलत नाही. धाकटीनं दुकानाजवळ खोली घेतली आहे, आणि माझा पलंग मला परत मिळाला. सासूबाईंनी तिला माफ केलेलं नाही, तिनंही माफी मागितलेली नाही. पण दर आठवड्याला फोन येतो, आणि तो भांडायलाच येतो. धाकटीनं मध्ये आणखी एक गाणं टाकलं. ते आधीच्यापेक्षा भिकार आहे, हे सासूबाईंनी तिला फोन करूनच कळवलं.

मागे एकदा मी तिच्या खोलीवर डबा द्यायला गेलो असताना तो फोन आला. तिनं स्पीकर लावून माइकची वायर गुंडाळायला घेतली होती.

"खरं सांग," सासूबाई विचारत होत्या, "ते 'जाऊ दे' म्हणाले तेव्हा काय करत होते?"

धाकटीनं वायर खाली ठेवली. "बूट पुसत होते."

"मान वर केली?"

"नाही."

पलीकडून फोन कट झाला. धाकटीनं डबा उघडून पाहिला, भाजीत मीठ जास्त आहे असं ताईला सांगायला सांगितलं, आणि मी म्हणालो, "तूच सांग."